लहान मुलांच्या टीव्हीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये काय घडतं?

कार्टून संपतं, नावं वर सरकतात आणि पडद्यावर एक ताई येते. सोबत कापडी चिमणी. ताई मागच्या गोष्टीबद्दल दोन वाक्यं बोलते, चिमणी मध्येच काहीतरी विचारते, कुण्या मुलाने पाठवलेलं चित्र दिसतं आणि पुढचा कार्यक्रम लागतो. एवढ्याला साधारण पन्नास सेकंद जातात. टीव्हीच्या धंद्यात या तुकड्याला लिंक म्हणतात, दूरदर्शनच्या जुन्या माणसांच्या तोंडी निवेदन. घरी बसलेल्याला ती सहज चाललेली गप्पा वाटते. प्रत्यक्षात त्या तासाभरात सगळ्यात काटेकोर मोजलेला भाग तोच असतो.

लातूर, नांदेड, परभणी किंवा बीडमधलं एखादं स्थानिक केबल चॅनल मुलांसाठी संध्याकाळचा एक तास चालवतं, तेव्हा त्यातले कार्यक्रम बहुतेक बाहेरचेच असतात. कार्टून डब केलेलं, विज्ञानाची फिल्म विकत घेतलेली, गाणं मुंबईत रेकॉर्ड झालेलं. इथं तयार होणारी आणि इथल्या लेकराशी बोलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे लिंक. आणि सगळ्यात कमी तयारी तिचीच केली जाते. कुणीतरी चांगलं बोलणारं माणूस उभं करायचं आणि "पुढे बघूया" म्हणायला लावायचं, एवढ्यावर भागवलं जातं. ते का भागत नाही आणि लिंक नीट कशी बांधायची, ते इथे सविस्तर सांगितलं आहे.

मोठा स्टुडिओ नसेल तर जमणार नाही, ही समजूत आधी काढून टाकावी. बीबीसीने मुलांच्या दुपारच्या कार्यक्रमांना पडद्यावर दिसणारा निवेदक दिला तो ९ सप्टेंबर १९८५ रोजी. त्याआधी एखाद्या चित्रावर नुसता आवाज यायचा. पहिला निवेदक होता फिलिप स्कोफिल्ड आणि जागा होती लंडनच्या टेलिव्हिजन सेंटरमधली निवेदकाची चिंचोळी खोली. ती इतकी लहान होती की तिला 'झाडू ठेवायची कोठी' असंच नाव पडलं. निवेदक बोलता बोलता समोरच्या पॅनलवर आवाजाची बटणंही स्वतःच सरकवायचा. सोबतीला गॉर्डन नावाचा कापडी गोफर (खारीसारखा प्राणी), जो फक्त चीं-चीं करायचा. एक माणूस, मागे पत्रं चिकटवलेली भिंत आणि एक बाहुली, एवढ्या सामानावर ती व्यवस्था कित्येक वर्षं चालली. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि त्यावर मुलांसाठी 'किलबिल' होतं. पुण्यातली बालचित्रवाणी १९८४ पासून शैक्षणिक कार्यक्रम करत होती, ती २०१७ साली बंद झाली. या सगळ्यात मराठवाड्यातल्या लेकराला त्याच्या गावाकडच्या बोलीत हाक मारणारं माणूस पडद्यावर फारसं नव्हतं. स्थानिक चॅनलला ते आज करता येतं.

तासाचा हिशेब

संध्याकाळी ५ ते ६ हा तास घेऊ. सहाला बातम्या आहेत आणि त्या सहाच्या ठोक्याला लागल्या पाहिजेत. सुरुवातीचं शीर्षक २० सेकंद. कार्टून ११ मिनिटं १० सेकंद. दोन भागांतली गोष्ट, पहिला भाग १०:४०, दुसरा ११:१५. हस्तकलेची फिल्म ६:३०. शेवटी गाणं ४:१५. जाहिरातींचे चार ब्रेक, प्रत्येकी २ मिनिटं, म्हणजे ८ मिनिटं. चॅनलचे स्वतःचे २० सेकंदांचे चार प्रोमो, म्हणजे १:२०. केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं चालतात: १० व्यापारी जाहिरातींना, २ चॅनलच्या स्वतःच्या जाहिरातीला. इथे आपण त्याच्या बऱ्याच आत आहोत.

सगळी बेरीज ५३ मिनिटं ३० सेकंद. उरली साडेसहा मिनिटं, ती सात लिंकांची: १:१५, ०:५०, ०:४०, १:१०, ०:५०, ०:५५ आणि शेवटची ०:५०. पहिली मोठी, कारण लेकरं अजून टीव्हीसमोर येऊन बसायची असतात. मधली १:१० ची पत्रं आणि चित्रांसाठी.

क्यू शीट (कधी काय लागणार याची यादी) लिहिताना सगळे पाचपासून पुढे मोजत जातात आणि तिथेच फसतात. मोजायचं सहापासून मागे. ६:००:०० ला बातम्या. शेवटची लिंक ५० सेकंदांची, म्हणजे गाणं ५:५९:१० ला संपलं पाहिजे. गाणं ४:१५ चं, म्हणजे ते ५:५४:५५ ला सुरू झालं पाहिजे. त्याच्या आधीची लिंक ५५ सेकंदांची, म्हणजे ताईने तोंड उघडायचं ५:५४:०० ला. हे आकडे क्यू शीटच्या डाव्या रकान्यात ठळक लिहायचे. उजव्या रकान्यात पुढून मोजलेली वेळ. दोन्ही रकान्यांतला फरक म्हणजे निवेदकाला त्या क्षणी किती सेकंद भरायचे किंवा कापायचे आहेत ते.

फरक हमखास पडतो, आणि त्याची कारणं तीच ती असतात. कॉम्प्युटर फाइलची लांबी ११:१० दाखवतो, पण सुरुवातीला रंगपट्ट्या असतात, शेवटी काळा पडदा असतो. खरं चित्र १०:४८ चंच निघतं. २२ सेकंद रिकामे राहतात. दुसरं कारण फ्रेमचं. आपलं प्रसारण सेकंदाला २५ फ्रेमचं. २४ फ्रेमने काढलेली फिल्म २५ च्या गतीने चालवली तर ती ४ टक्के लवकर संपते. २२ मिनिटांची फिल्म २१ मिनिटं ७ सेकंदांत आटोपते, त्रेपन्न सेकंदांचं भगदाड पडतं. म्हणून फाइलवर लिहिलेल्या लांबीवर कधीच विसंबू नये. ज्या मशीनवरून कार्यक्रम लागणार त्याच मशीनवर चालवून पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र यांची वेळ लिहून घ्यावी, आणि शेवटचा आवाज कोणता येतो तेही. "शेवट: दार आपटल्याचा आवाज, मग तीन सेकंद संगीत" एवढी नोंद असली की ताई दचकत नाही. तिसरं कारण ऐनवेळी आलेली जाहिरात. मार्केटिंगचा माणूस पावणेपाचला पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि तीस सेकंद वाढतात. ते कुठल्या लिंकमधून कापायचे हे ताईला पाच वाजायच्या आत कळलं पाहिजे.

एक लिंक जवळून

मुलांसाठी बोलताना सेकंदाला दोन शब्द धरावेत. म्हणजे ५० सेकंदांत १०० शब्द बसतात, पण लिहायचे ऐंशीच्या आतबाहेर. उरलेली जागा श्वासाला, बाहुलीच्या मान वळवण्याला आणि घरच्या लेकराने मनातल्या मनात उत्तर द्यायला. ही जागा ठेवली नाही की निवेदक पळत सुटतो आणि प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. मुलांच्या लिंकमधला हा सगळ्यात मोठा दोष.

साहसकथेनंतर आणि हस्तकलेच्या फिल्मआधी येणारी ही लिंक बघा:

ताई: "बापरे, शेवटी दोर तुटलाच की! तुला वाटलं होतं का, तुटंल म्हणून?"
चिमणी: "मला तर आधीच कळालं होतं!"
ताई: "डोळे झाकून बसली होतीस की गं!"
चिमणी: "एकच डोळा झाकला होता."
ताई: "बरं, हे बघ. उदगीरहून चित्र आलंय. विहीर हाय, कडंला मोटर हाय. आणि पाणी हिरवं. विहिरीचं पाणी हिरवं कशानं दिसतं, सांग बरं?"
चिमणी: "…शेवाळ!"
ताई: "बरोबर. आता पुढं कागदाची भिंगरी करायचीय. एक जुना कागद, एक काडी अन् एक टाचणी जवळ घे. टाचणी मात्र घरच्या मोठ्या माणसाला लावू दे. चल, भिंगरी फिरवू!"

पहिल्या चार ओळी मागच्या गोष्टीतून लेकराला बाहेर काढतात. गोष्टीत भीती होती, म्हणून तिचा उल्लेख करून ती हलकी केली. भीतीचा प्रसंग संपल्या संपल्या थेट गाण्यावर उडी मारली तर लहान मूल मनाने मागेच राहतं. मधला चित्राचा भाग कमी-जास्त होणारा. दहा सेकंद कमी करायचे असतील तर मोटर आणि शेवाळ दोन्ही गाळून "उदगीरहून किती सुंदर विहीर आलीय" एवढ्यावर थांबता येतं. वीस सेकंद वाढवायचे तर विहिरीत अजून काय काय राहतं, हे चिमणी विचारू शकते. शेवटचा भाग मात्र अक्षर न बदलता बोलायचा. "चल, भिंगरी फिरवू" हे शब्द ऐकूनच पीसीआरमधला (नियंत्रण खोलीतला) माणूस पुढची फाइल सोडतो. टेपच्या काळात मशीन स्थिर व्हायला पाचेक सेकंद लागत, त्यामुळे शेवटचं वाक्य लांबीसकट ठरलेलं असे. आता फाइल लगेच सुटते, तरी शेवटचे शब्द बदलले की गोंधळ ठरलेला. एकतर ताईच्या वाक्यावर कार्यक्रम चढतो, नाहीतर ती हसरा चेहरा करून तीन सेकंद नुसती बघत राहते.

सामान आधी सांगितलंय तेही मुद्दाम. फिल्म सुरू झाल्यावर कागद शोधायला उठलेलं मूल पहिल्या दोन घड्या चुकवतं आणि मग सगळं सोडून देतं.

तू आणि तुम्ही

"बालमित्रांनो" म्हटलं की समोर शाळेचं पटांगण उभं राहतं. टीव्हीसमोर मात्र एकटं लेकरू असतं, फार तर दोघं बहीणभाऊ. म्हणून लिंक एकाशी बोलायची: बघ, सांग, घे. इथे मराठीत एक अडचण येते. "तू काय करतोस" म्हटलं की पोरगा झाला, "करतेस" म्हटलं की पोरगी. रोज एकच रूप वापरलं तर निम्मी लेकरं बाहेर पडतात, आणि "करतोस किंवा करतेस" असं जोडून बोललं तर सरकारी फॉर्म वाचल्यासारखं वाटतं. वाक्य फिरवून हे सुटतं. "तू जेवलास का" ऐवजी "जेवण झालं का". "तू काय बघतोस" ऐवजी "तुला काय दिसायलंय". "तू चित्र काढलंस का" हे चालतं, कारण तिथे क्रियापद चित्राप्रमाणे बदलतं. "तू उद्या येशील ना" हेही चालतं. आज्ञार्थ तर कायमच सोयीचा. निवेदकाने आठवडाभर आपल्या लिंका या नजरेने तपासल्या की पुढे सवय होते.

आता बोलीचा विषय. लातूर-नांदेडकडे "काय करायलास" म्हणतात, "पाऊस पडायलाय" म्हणतात, पोरांना लेकरं म्हणतात. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूची झाक येते, उदगीर-निलंग्याकडे कन्नडची, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड शहरात दखनी उर्दू कानावर असते. हे सगळं एका निवेदकाच्या तोंडी कोंबायचं कारण नाही. ती ज्या गावची आहे तिथलं तिने बोलावं. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळायची: ताई पुस्तकी मराठी बोलते आणि बाहुली तेवढी गावाकडची बोलते, चुकते, हसू करून घेते. असं रोज दिसलं की लेकराला कळतं, आपण घरी जे बोलतो ते हसण्यासारखं आहे. हे नुकसान पुढे शाळेत दिसतं, बोट वर करायचं बंद होतं. म्हणून बरोबर उत्तर बोलीत आलं पाहिजे आणि ते ताईनेही दिलं पाहिजे. शास्त्राची माहिती सांगतानाही "शेवाळामुळं पाणी हिरवं दिसायलंय" असंच म्हणावं. त्याने माहितीत काही उणं येत नाही.

"काल आपण पाहिलं" हे वाक्यही जपून वापरावं. काल लाइट नव्हती असं घर मराठवाड्यात कुठे ना कुठे असतंच. दिवाळीनंतर बीड-धाराशिवकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, लेकरं कारखान्याच्या कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीत) असतात आणि परत येतात ते उन्हाळ्यात. त्यांना काल माहीत नसतं. मागचं सांगायचंच तर एका वाक्यात पूर्ण सांगावं: "राजूची शेळी हरवली होती, ती डोंगरावर सापडली." एवढं ऐकून आजच टीव्ही लावलेलं लेकरूही सामील होतं. कॅलेंडर इथलं ठेवावं. येळवशीला (वेळ अमावास्येला) लातूर-धाराशिवकडचं अख्खं गाव शेतात असतं, त्या दिवशी मोठी स्पर्धा किंवा मालिकेचा शेवटचा भाग लावू नये. दुसऱ्या दिवशीच्या लिंकमध्ये मात्र कुणी किती आंबील प्यायली हे विचारलंच पाहिजे. पोळ्याला बैलांची चित्रं आठ दिवस आधी मागवावी. आणि ३० सप्टेंबरच्या आसपास जमीन हलण्याची गंमत असलेलं कार्टून क्यू शीटवर आलं तर ते बदलून घ्यावं. किल्लारीचा १९९३ चा भूकंप औसा-उमरग्याच्या घराघरांत अजून आठवला जातो.

बाहुली

बाहुली लागते ती गमतीसाठी, हे अर्धंच खरं. ताई एकटी असली की तिचं बोलणं हळूहळू शिकवणीकडे झुकतं. बाहुली असली की न कळणाऱ्याची बाजू मांडायला कुणीतरी असतं. वेळ भरायलाही ती हक्काची. तिने नुसती मान तिरकी करून तीन सेकंद कॅमेऱ्यात पाहिलं तरी चालतं. ताईने तेच केलं तर ती पुढचं विसरली असं वाटतं.

चालवायचं तंत्र थोडक्यात असं. तोंड उघडताना अंगठा खाली जातो, वरची चार बोटं जागेवर राहतात. नवखा माणूस चारही बोटं वर उडवतो, आणि मग प्रत्येक शब्दाला बाहुली आकाशाकडे बघते. प्रत्येक अक्षराला तोंड उघडायची गरज नाही, शब्दाच्या जोरावर उघडावं आणि वाक्य संपलं की मिटावं. बुबुळं किंचित नाकाकडे झुकलेली शिवावीत, नाहीतर नजर लेन्सच्या दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि बाहुली कुणाकडेच बघत नाही. चालवणारा टेबलामागे बुटक्या स्टुलावर बसतो आणि बाहुलीला समोरच्या छोट्या मॉनिटरवर बघतो. मॉनिटर आरशासारखं उलटं दाखवत नाही. हात डावीकडे नेला की पडद्यावर बाहुली उजवीकडे जाते. याचा सराव आठवडाभर तरी करावा लागतो, आणि तो करताना ताई समोर हवी. हात वर धरून माणूस थकतो, म्हणून लिंक संपताक्षणी हात खाली घ्यायचा. सगळ्या लिंका एका बैठकीत रेकॉर्ड करत असाल तर चौथ्या लिंकपासून चिमणीची मान पडलेली दिसते.

मागे हवं ते दृश्य जोडायला वापरतात त्या हिरव्या पडद्याचा मोह इथे आवरावा. बाहुलीच्या लोकरीच्या कडा हिरव्यातून स्वच्छ कापल्या जात नाहीत, भोवती हिरवट कुसळं दिसत राहतात. खरी फळी, खरी भिंत, तिच्यावर मुलांची चित्रं, हे स्वस्तही पडतं आणि दिसतंही छान.

कानातला आवाज

निवेदकाच्या एका कानात टॉकबॅकची पिन असते. पीसीआरमधून आकडे येतात: तीस, वीस, पंधरा, मग दहापासून एकेक. ते ऐकत ऐकत बोलायचं, आणि आकडा ऐकू आल्याचं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. हे जन्मजात कुणाला येत नाही. सरावाची साधी रीत अशी: एकाने वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने स्वतःच्या शब्दांत सांगायची, दुसऱ्याने कानाशी साठपासून उलटं मोजायचं, आणि शून्याला वाक्य संपलं पाहिजे. रोज दहा मिनिटं केलं तर महिन्याभरात जमतं. सुरुवातीला सगळे शेवटचे पाच सेकंद लवकर संपवतात आणि अडकतात. उपाय म्हणजे शेवटच्या वाक्याची लांबी पाठ असणं. "चल, भिंगरी फिरवू" ला दीड-दोन सेकंद लागतात हे माहीत असलं की 'दोन' ऐकल्यावर ते सुरू करता येतं.

टॉकबॅक बंद पडतोच कधीतरी. मग फ्लोअर मॅनेजरच्या खुणा: दोन बोटांची फुली म्हणजे अर्धं मिनिट, हात ओढून लांब केले म्हणजे वाढव, बोट गोल फिरवलं म्हणजे गुंडाळ. कॅमेऱ्याखाली सेकंद काटा दिसणारं घड्याळ तर हवंच, आणि ते पीसीआरच्या घड्याळाशी रोज साडेचारला जुळवलेलं असलं पाहिजे. टेलिप्रॉम्प्टर मुलांच्या लिंकला शक्यतो नको. मुलांच्या कार्यक्रमात कॅमेरा जवळ असतो आणि डोळे ओळीवरून सरकताना दिसतात. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चार मुद्दे आणि शेवटचं वाक्य, बस.

आवाजाच्या बाबतीत जाहिरात आणि कार्टून दाबून मोठे केलेले असतात, लिंक मऊ असते. लेकरू लिंकला आवाज वाढवतं आणि पुढची जाहिरात घरभर दणाणते, मग आई येऊन टीव्ही बंद करते. युरोपात प्रसारणासाठी -२३ एलयूएफएस (आवाजाची तीव्रता मोजायचं एकक) ही सरासरी पातळी ठरवलेली आहे. तीच एक पातळी धरून फाइल आणि लिंक दोन्ही जुळवाव्यात. मीटरचं सॉफ्टवेअर फुकटही मिळतं. लेपल माइक ओढणीखाली लावला की खसखस येते, तो काठाच्या वर लावून वायरला आत एक गाठ-वळसा द्यावा. आणि उन्हाळ्यात परभणीसारख्या ठिकाणी ४२ अंशांच्या वर पारा गेला की एसी बंद करून रेकॉर्ड करू नये. एसीचा आवाज नको म्हणून तो बंद करतात, दहा मिनिटांत ताईचा मेकअप उतरतो. एसी चालू ठेवून माइक तोंडाजवळ आणणं बरं. लाइट गेली तर कॅमेरा, पॅनल आणि सर्व्हर यूपीएसवर असले पाहिजेत, दिवे जनरेटरवर. मधल्या काळासाठी दीड मिनिटाचं एक रेकॉर्ड केलेलं गाणं सर्व्हरवर नेहमी तयार हवं.

पत्रं, फोन, जाहिराती

चित्राखाली पहिलं नाव आणि तालुका, एवढंच. आडनाव, शाळा, गल्ली, पालकांचा नंबर पडद्यावर नको, मागच्या भिंतीवर लावलेल्या पाकिटावरही नको. कॅमेरा तेही वाचतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती सांगितली आहे, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र आलं की पालकांशी बोलून होकार नोंदवून ठेवावा. गावाचं नाव बोलायच्या आधी कसं म्हणतात ते विचारून घ्यावं. स्वतःच्या गावाचं नाव चुकीचं ऐकू आलं की लेकराचा सगळा आनंद जातो. फोनवरच्या मुलाला "घरी कोण कोण हाय", "आई कामाला गेली का" हे कधीच विचारायचं नाही. ऐकणारे सगळेच चांगले नसतात. त्याऐवजी आज काय बघितलं, काय आवडलं, हे विचारावं.

लहान मुलालाच निवेदक करायचं असेल तर बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम लागू होतात. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत जातो.

२०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चिप्स, थंड पेयं असल्या जंक फूडच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमात चालत नाहीत. गावातल्या वेफर्सवाल्याची जाहिरात आठच्या बातम्यांत लावा. ताईने आणि चिमणीने तर कुठलीच वस्तू विकू नये, शिकवणी वर्गही नाही. लेकरू ताईवर विश्वास ठेवतं आणि तिच्या शब्दाखातर आईबापाकडे हट्ट धरतं. ब्रेकच्या आधी "आता जाहिराती लागतील, मग आपण परत भेटू" असं सरळ सांगावं आणि तीन सेकंदांचं एक ठरलेलं चित्र दाखवावं, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलालाही कळतं की आता बोलणारी माणसं वेगळी आहेत.

सहाला शेवटची लिंक. "कुठेही जाऊ नका" हे वाक्य तिथे नको. पुढे मोठ्यांच्या बातम्या आहेत आणि त्यात अपघात, मारामाऱ्या असतात. ताईने स्पष्ट म्हणावं: "आपलं आजचं झालं. आता बाहेर उजेड हाय तवर खेळून ये." त्या दिवशी मोठी दुर्घटना घडलेली असेल तर ताईला ते साडेपाचपर्यंत सांगितलेलं असावं, म्हणजे ती उड्या मारत निरोप घेणार नाही.

बातम्या सुरू झाल्या की क्यू शीट फेकू नये. प्रत्येक ओळीसमोर खरी वेळ लाल पेनाने लिहावी: कार्टून १०:४८, दुसरी लिंक १:१२, गाणं पाच सेकंद उशिरा. ज्या फाइलची वेळ चुकली तिचं नाव सर्व्हरवर तिथल्या तिथे दुरुस्त करावं. शीट पीसीआरच्या दाराला अडकवावी, कारण उद्या साडेचारला येणारा माणूस वेगळा असू शकतो.